दोन धारा

दोन नाणी एकावर एक ठेवावीत एवढी जाड पट्टी.
हिला पातं म्हणायचं, हेच मला आधी पटेना.
रविवार पेठेत एकेचाळीस वर्षं झाली,
शिंप्यांच्या कात्र्या, खाटकांचे सुरे,
एकदा एका नाटक कंपनीची तलवार
(ती बोथट करून हवी होती, तेही केलं),
पण बर्फावर चालायची वस्तू
दस्तगीर शिकलगाराच्या हातात पहिल्यांदाच आली.

घेऊन आली ती बोडक्यांची इरावती.
सोळा वर्षांची, सहकारनगरच्या सिमेंटवर
चाकांचे बूट झिजवत वाढलेली,
आता ज्युनिअर गटात.
बरोबर एक उंच बाई, कझाकस्तानची, सीनिअर.
धार लावायचं त्यांचं मशीन दिल्लीच्या कस्टममध्ये अडकलं होतं
आणि स्पर्धा परवावर.
बाहेर एप्रिल. डांबर चपला धरून ठेवत होतं.

"चाचा, एका पात्याला दोन धारा. मधे पन्हळ.
आतल्या धारेवर कललं की एक वळण,
बाहेरच्या धारेवर कललं की दुसरं.
सपाट उभं राहायचं नाही.
राहिलं तर बर्फावर दोन रेघा उठतात
आणि गुण जातात."
मी म्हटलं, बरं.
पुढच्या दातांना हात लावायचा नाही,
हे बाईने स्वतःच्या दातांवर बोट ठेवून सांगितलं.

चाक बंदच ठेवलं. गोल दगड, तेलाचे थेंब,
टाचेकडून बोटांकडे, परत नाही.
वडील म्हणायचे, लोखंड बोलतंय तोवर हात थांबवू नये.
बोलेनासं झालं तेव्हा थांबलो,
दोन्ही धारांवर रुपया आडवा ठेवला.
बाईने गुडघे टेकले, डोळा त्याच्या पातळीला आणला.
डावीकडे केसभर कललेला.
तो केस काढायला आणखी चाळीस मिनिटं.

पैसे किती?
दोघींची मिळून चार पाती, आठ धारा.
चार कात्र्यांचे घेतले.

बालेवाडीला पास होता, अगदी कठड्यालगत.
एकोणचाळीस डिग्रीतून आलेलं पुणं
दारातच स्वेटर चढवत होतं.
आत आइस्क्रीम विकत होते आणि लोक घेतही होते.
सगळे बघत होते हात, झगमगते कपडे, गिरक्या.
मी पाय ऐकत होतो.
कझाक बाईचं पातं असं वाजलं
जसा नव्या रेशमात शिंपी पहिला काप घालतो,
श्वास धरून.
टाळ्यांनी ते बुडवलं. मला लोकांचा राग आला.

इरावती तिसऱ्या उडीला पडली,
माझ्यासमोरच, कठड्यापासून चार हातांवर.
सगळ्या स्टेडियमने "अरेरे" केलं.
माझ्या पोटात मात्र एकच:
डावं पातं. तो केस. राहिला का?
संगीत तिच्यासाठी थांबलं नाही.
ती उठली, कमरेवरचा बर्फही न झटकता
निसटलेल्या तालाला पुढच्या वळणावर गाठलं.
चौदाजणींत अकरावी.

नंतर कठड्याशी आली, नाक लाल.
"धार बरोबर होती, चाचा. मीच सपाट गेले."
खरं, की म्हाताऱ्याचं मन राखायला?
आजकालची पोरं मन राखण्यात तरबेज असतात.
म्हणून वाकलो, चष्मा पुसला.

तिकडून बर्फ गुळगुळीत करणारी गाडी निघाली होती,
गरम पाणी सोडत, बैलगाडीच्या चालीने.
ती पोचायच्या आत सापडलं:
उडी जिथून घेतली त्याच्या अलीकडे, वीतभर,
शेजारी शेजारी दोन रेघा.
नखाने मोजता आल्या नाहीत, नजरेने मोजल्या.
दोन्ही सारख्याच खोल.